लाईट (रेडिएशन) सुरू व्हायच्या आधी सात दात काढायला सांगितलेत. काढावेत का?

लालबागची_लेक | ४ जून, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे. बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होते. जिभेच्या डाव्या कडेला कॅन्सर निघाला. २० मे रोजी ऑपरेशन झालं. जिभेचा तेवढा भाग आणि डाव्या मानेतल्या गाठी काढल्या. रिपोर्ट बघून आता लाईट घ्यायला सांगितलंय. ३० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. ऑपरेशन झाल्यापासून सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं म्हणाले, म्हणजे १ जुलैच्या आसपास.

त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे) काढला, तोंडात बराच वेळ बघितलं आणि सात दात काढायला सांगितले. दोन तर नुसती मुळंच उरलीयत, त्यांचं काही नाही. पण डावीकडची खालची अर्धवट बाहेर आलेली अक्कलदाढ, तिच्या शेजारची दाढ, उजवीकडची खालची एक किडलेली दाढ आणि वरच्या दोन, असे पाच अजून.

बाबा ऐकायला तयार नाहीत. बोलायला अजून त्रास होतो म्हणून त्यांना वही दिलीय. तीत लिहिलं, "मुळं काढा. बाकीचे माझे आहेत." आणि खाली दोन रेघा मारल्या. दुखत नाहीत तर काढायचे कशाला, हा त्यांचा मुद्दा. आईचं नेमकं उलटं: "एकदाचे सगळेच काढा नि कवळी बसवा, परत कटकट नको." भाऊ म्हणतो, आधी लाईट उरकू दे, दातांचं मग बघू, दात काय पळून जातायत?

खरं तर मलाही भावाचंच पटतंय. जिभेवरचे टाके अजून ओले आहेत, त्यात हे. लाईट झाल्यावर दात काढता येत नाहीत का? आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधी कोणी का सांगितलं नाही? ऑपरेशन उपनगरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात झालं, तिथे दातांचं कोणी नावही काढलं नव्हतं. लाईट परळला घेणार आहोत.

मुकादम | ५ जून, सकाळी ६:१०

सगळे काढू नका, एवढंच सांगायला चहाच्या आधी टंकायला बसलोय.

मला १९९६ साली घशाचा झाला. तेव्हा रीतच अशी होती की लाईटच्या आधी तोंड साफ करून टाकायचं. चांगले, वाईट, सगळे. माझे २६ दात गेले, त्यातले निदान पंधरा तरी धडधाकट असतील. तेव्हा विचारायची अक्कलही नव्हती आणि हिंमतही नव्हती. जीव वाचला, तक्रार नाही.

पण तुमच्या आईंना सांगा, कवळी म्हणजे चष्मा नव्हे, घातला की दिसलं. कवळी टिकते लाळेवर आणि लाईटने लाळ आटते. माझी खालची कवळी कधी बसलीच नाही. सरकते, खालची कातडी सोलते, मग महिनाभर डब्यात. लग्नाकार्यात वरची घालून जातो, फोटोपुरती. दिवाळीत चकली चहात बुडवून ठेवतो आणि तोवर लोकांशी गप्पा मारतो.

शिवडी_नाका | ५ जून, सकाळी ९:३२

मुकादमकाका, तुमचं दुःख समजतं. पण मी दुसऱ्या टोकाचं सांगतो, कारण ताईंच्या भावाने जे म्हटलंय तेच आम्ही केलं होतं.

आईला गालाचा. लाईट २०१४ मध्ये झाले. आधी दात दाखवलेच नाहीत. कोणी सांगितलं होतं का, आठवत नाही. सांगितलं असेल तरी त्या गडबडीत कोणाचं लक्ष असतं? चार वर्षं छान गेली. २०१८ मध्ये खालची दाढ दुखायला लागली. नाक्यावरच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी विचारलं, बीपी-शुगर आहे का? आम्ही म्हटलं, नाही. लाईटचं त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. कॅन्सर बरा झाला होता हो, उगाच कशाला ते नाव काढायचं? दाढ दहा मिनिटांत निघाली.

भोक भरलंच नाही. एक महिना, दोन महिने. गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात आई म्हणाली, जिभेला काहीतरी टोचतंय. मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर आत तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी. मला वाटलं भातच अडकलाय. चिमट्याने काढायला गेलो तर हलेना. ते हाड होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. हनुवटीखाली कातडीला भोक पडून पू यायला लागला. शेवटी जबड्याचा तुकडा काढून तिथे पायातलं हाड बसवलं. बारा तास. कॅन्सरचं ऑपरेशन चार तासांत झालं होतं. आज आई ठीक आहे, भाकरी दुधात कुस्करून खाते. पण "मला कॅन्सरने नाही, दाढेने झोपवलं" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

उसळपाव | ५ जून, सकाळी १०:०५

लोकांना घाबरवू नका राव. शरीर स्वतःला बरं करतं. खोबरेल तेलाच्या गुळण्या, रात्री लवंगेचं तेल, माझ्या आजीला नव्वदीत बत्तीसच्या बत्तीस होते. आणि अगदीच वेळ आली तर ऑक्सिजनचं चेंबर असतं म्हणे, त्यात बसवतात. नंतर काढला तरी भरून येतो.

चाळकरी | ५ जून, सकाळी १०:१९

आजीने ३० सिटिंग घेतली होती का?

तिसरी_दाढ | ५ जून, दुपारी २:४०

दादरला दातांची प्रॅक्टिस आहे, १९ वर्षं. पेशंट मी तपासलेला नाही, त्यामुळे कुठला दात काढा, कुठला ठेवा हे मी सांगणार नाही. मागचं कारण तेवढं सांगतो. ते कळलं की बाबांशी बोलणं सोपं जाईल.

दात काढला की जी जखम होते ती हिरडीची नसते, हाडाची असते. हाड जिवंत आहे, त्याला रक्त मिळतं म्हणून भोक भरतं. लाईटने कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि हाड बांधणाऱ्या पेशीही कमी होतात. रोजच्या कामाला हाड पुरतं. वरून धडधाकट दिसतं. पण त्याला जखम केली की भरायला माणसंच नाहीत, अशी गत. खालच्या जबड्यात हा धोका जास्त, कारण त्याचं हाड जाड आणि रक्तपुरवठा वरच्या जबड्यापेक्षा बेताचा. जिथे ५० ग्रेच्या पुढे डोस जातो तिथे आम्ही दचकून असतो, ६० च्या पुढे फारच. ग्रे म्हणजे लाईट मोजायचं माप. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे काळाबरोबर ओसरत नाही. "आता पाच वर्षं झाली की" असं म्हणून चालत नाही. शिवडी_नाका यांच्या आईंना जे झालं त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात.

आता बाबांचा मुद्दा, दुखत नाही. आमच्या धंद्यात दुखणं ही फार उशिरा येणारी बातमी आहे. मुळाखाली पू साठून वर्षानुवर्षं एक कळ येत नाही, ओपीजीत मात्र काळा डाग दिसतो. अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा जो पदर असतो त्याखाली अन्न सडतं, मधूनच सूज येते, आपण मिठाच्या गुळण्या करून विसरतो. हिरडीत सहा मिलिमीटर खोल खिसे झाले असले तरी माणूस उसाचं कांडकं सोलून खातो. म्हणून आज दुखतोय का, हा प्रश्न इथे कामाचा नाही. विचार असा करायचा: या जागेवर डोस किती पडणार? कोरड्या तोंडात, तोंड कमी उघडत असताना, हा दात दहा-पंधरा वर्षं टिकेल का? आणि तो सांभाळणारा माणूस ब्रश कसा करतो? हे शेवटचं लोकांना आवडत नाही, पण मी पेशंटचा ब्रश मागून बघतो. झाडूसारखा पसरलेला असला की माझा निम्मा निर्णय तिथेच होतो.

वेळ. पहिल्या सिटिंगच्या निदान दोन आठवडे आधी दात निघायला हवेत, तीन मिळाले तर सोनं. आज ५ तारीख. १० तारखेपर्यंत काढले तर १ जुलैला बरोबर २१ दिवस होतात. लाईट घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर मास्क बसवतात, सूज उतरल्यावर तोही नीट बसतो. भावाला एवढंच सांगा की दात पळून जात नाहीत, ही मुदत पळून जाते. आणि उलट बाजूही सांगतो: दातांसाठी लाईट लांबवू नका. कॅन्सर आधी.

ऑपरेशनच्या आधी दाखवलं असतं तर त्याच भुलेत दात काढता आले असते, हे खरं. बऱ्याच ठिकाणी तसं करतातही. आता त्यावर जीव जाळून उपयोग नाही.

मुकादमकाका, सरसकट सगळे काढायचं आता मागे पडलंय. चांगला दात हा कवळीपेक्षा केव्हाही बरा.

उसळपाव, लवंगेचं तेल सोललेल्या तोंडात लावलंत तर पेशंट तुमचा नंबर मागेल. आणि ऑक्सिजनच्या चेंबरवर आमचीही बरीच वर्षं भिस्त होती. २०१९ मध्ये ब्रिटनमधून होपॉन नावाच्या चाचणीचे निकाल आले. लाईट झालेल्या खालच्या जबड्यातला दात काढताना चेंबर दिलेले आणि न दिलेले, दोन्हींकडे हाड न भरण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, ६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चेंबर आहे म्हणून आज निर्धास्त राहा, असं मी म्हणणार नाही.

त्याच आकड्यात एक दिलासाही आहे. लाईटनंतर काढलेला प्रत्येक दात शिवडीच्या वाटेने जात नाही. पुढे काही झालंच तर आधी रूट कॅनल करून, वरचा भाग कापून मूळ हाडात ठेवता येतं का ते बघतात. काढायचाच झाला तर जाणत्या हातांनी, कमीत कमी इजा करून. फक्त नाक्यावर नाही.

लालबागची_लेक | ५ जून, रात्री १०:१५

डॉक्टर, ब्रश बघून आले. झाडू नाही, खराटा आहे.

तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. पुवाचं ऐकून गप्प बसले. मग वहीत लिहिलं, "उजवी दाढ का? कॅन्सर डावीकडे." आता याचं उत्तर मलाही देता आलं नाही.

भौतिकीवाला | ५ जून, रात्री ११:५०

बाबांनी लाखमोलाचा प्रश्न विचारलाय. मी रेडिएशन विभागात काम करतो (कुठे ते राहू द्या), कॉम्प्युटरवर लाईटचा नकाशा बसवण्याचं काम.

३० सिटिंग म्हणजे बहुधा ६० ग्रे, रोज २ प्रमाणे. आता मशीन चांगली आहेत, डोस वळवता येतो, लाळेच्या ग्रंथी वाचवता येतात. कानाखालची जी मोठी ग्रंथी, तिला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायची आमची धडपड असते, म्हणजे थोडी तरी लाळ परत येते. पण जीभ आणि खालचा जबडा शेजारी शेजारी. डावीकडचा जबडा पूर्ण वाचवणं अवघड. उजवीकडे काय होईल ते उजव्या मानेलाही लाईट द्यायचा आहे का यावर आहे. मधल्या रेषेपासून लांब, एका कडेला असलेल्या जिभेच्या गाठीत कधी कधी एकच बाजू घेतात. कधी दोन्ही घ्याव्या लागतात. ते रिपोर्टवर ठरतं.

इथे एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली. पक्का नकाशा तयार होतो मास्क आणि सीटी झाल्यावर. दातांचा निर्णय त्याच्या आधी घ्यायचा असतो. म्हणून बरेचदा दातांचे डॉक्टर "सगळीकडे पडेल" असं धरून चालतात, त्यांचंही चूक नाही. तुम्ही एक करा. ओपीजीची प्रिंट घ्या आणि लाईटच्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारा, "साधारण कुठे ५० च्या वर जाईल?" ते अंदाजाने पेनाने दाखवू शकतात. मग ती प्रिंट दातांच्या डॉक्टरांकडे न्या. फोनवर दोघं बोलले तर उत्तमच.

दाढेत चांदी भरलेली असेल किंवा धातूची कॅप असेल तर मास्कच्या वेळी आठवणीने सांगा. धातूवरून लाईट उडतो आणि लगतचा गाल जास्त सोलतो.

अजून एक. सगळं संपल्यावर जबड्याला कुठे किती ग्रे गेले त्याचा कागद मागून घ्या आणि फाईलमध्ये नाही, घराच्या कागदपत्रांत ठेवा. दहा वर्षांनी दात दुखला तर कुठल्याही डेंटिस्टसमोर आधी तो ठेवायचा.

शिवडी_नाका | ६ जून, सकाळी ७:२०

असा कागद मागता येतो हे आज कळलं.

रोखठोक_राजा | ६ जून, सकाळी ११:०२

कटू आहे पण बोलतो. गुटखाबंदी २०१२ पासून आहे महाराष्ट्रात, पाकिटावर फोटो छापतात, तरी खातात. मग सात दातांचं काय घेऊन बसलात?

लालबागची_लेक | ६ जून, सकाळी ११:३०

माझे बाबा तंबाखू-चुना खायचे. सकाळी चारला उठून पहिली गाडी काढायची, आठ तास उभं राहून "पुढे सरका" ओरडायचं, मध्ये झोप येऊ नये म्हणून खायचे. चूक होती, त्यांनाही माहीत आहे. तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

चाळकरी | ६ जून, सकाळी ११:४१

ताई, दुर्लक्ष करा. राजे, दुसरा धागा काढा, तिथे येतो.

घाटकोपरची_वहिनी | ६ जून, दुपारी ४:१५

लेकी, दातांचा निर्णय डॉक्टर करतील. पुढच्या तयारीचं मी सांगते, यांचं २०२१ मध्ये सगळं झालंय.

पहिलं, फ्लोराइडचा ट्रे. दातांचं माप घेऊन पारदर्शक प्लास्टिकचा साचा करून देतात. त्यात जेल घालून रोज रात्री दहा मिनिटं लावायचं, थुंकायचं, नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. माप आत्ताच द्या. एकदा तोंड आलं की मापाचा चमचासुद्धा आत जात नाही, आम्ही तिथेच फसलो. लाळ नसली की दात हिरडीपाशी गोल कुरतडल्यासारखे किडतात. यांचे खालचे पुढचे दोन असेच गेले, वर्षभरात, आणि हा माणूस गोड खात नाही.

दुसरं, तोंड उघडण्याचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि किती मावल्या ते कॅलेंडरवर लिहायचं. यांच्या १९ मावायच्या, मधे १४ वर आल्या, परत १८. काड्या ठोकमध्ये मिळतात, कुल्फी खाऊन जमवू नका. तोंड उघडलं नाही तर पुढे दातांचा डॉक्टर आत काम करणार कुठून? हे मी यांना रोज सांगायचे, तेव्हा कुठे करायचे.

गुळण्या: लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा. दोन-दोन तासांनी. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश फेकून द्या. पेपरमिंटची पेस्टही झोंबते, लहान मुलांची चालली. ब्रश अगदी मऊ.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येईल आणि चव जाईल. पहिल्या आठवड्यात "काहीच होत नाही" म्हणून हे मिसळ खाऊन आले होते. मग महिनाभर नाचणीची पेज, मुगाची पातळ खिचडी, दूध-अंडं. घास उतरत नाही म्हणून दिवसभर गोड सरबत किंवा चॉकलेट चघळायला देऊ नका, उरलेल्या दातांची वाट लागते. कवळी असलेल्यांनी त्या दिवसांत ती घालायची नाही. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, आणि आईंनी येऊही देऊ नये.

उसळपाव | ६ जून, सायंकाळी ६:००

लवंगेबद्दल माघार घेतो. खोबरेल तेल चालेल ना पण? ओठांना?

तिसरी_दाढ | ६ जून, सायंकाळी ६:२५

ओठांना चालेल. सिटिंगला जाताना पुसून जायचं. तिथल्या लोकांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकायचं.

वहिनींना पूर्ण अनुमोदन. एकच पुरवणी: फ्लोराइडचं जेल न्यूट्रल मागा. आंबट जेल असतं ते कोरड्या तोंडाला झोंबतं आणि कॅपची चमक घालवतं.

लालबागची_लेक | ८ जून, रात्री ९:५०

भौतिकीवाले, तुमचे पाय कुठे आहेत? ओपीजीची प्रिंट घेऊन गेले. लाईटच्या डॉक्टरांच्या बाहेर अडीच तास बसलो, आत पाच मिनिटं मिळाली, पण त्यांनी खरंच बॉलपेनने प्रिंटवर गोल काढला. डावीकडचा खालचा जबडा सुळ्यापासून कानापर्यंत. उजवी मान घेणार नाहीत म्हणाले, गाठ कडेला होती आणि रिपोर्ट तसा आहे. मग त्यांनी तिथूनच दातांच्या डॉक्टरांना फोन लावला.

आता असं ठरलंय: दोन्ही मुळं, डावीकडची अक्कलदाढ आणि तिच्या शेजारची, वरची हलणारी एक, हे पाच काढायचे. उजव्या दाढेला रूट कॅनल, तेही लाईटच्या आधी पूर्ण करायचं. वरची दुसरी खोल साफ करून ठेवायची, वरच्या जबड्यात धोका कमी म्हणून. पण दातांच्या डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून विचारलं, "रोज ट्रे लावणार? दर तीन महिन्यांनी येणार? नसाल तर आत्ताच सांगा, सातही काढतो." बाबांनी मान हलवली. त्यांनी म्हटलं, लिहून द्या. बाबांनी दिलं.

बाहेर आल्यावर वहीत लिहिलं, "सात दिले. दोन सुटे परत."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आई हसली.

मुकादम | ८ जून, रात्री १०:३०

सुटे परत देणारा कंडक्टर मुंबईत एकच, तो तुमच्या घरात.

लालबागची_लेक | १० जून, रात्री ८:२०

आज झाले. एकाच बैठकीत पाच, जागेवर भूल देऊन. ऑपरेशननंतर तोंड दोनच बोटं उघडतं, त्यामुळे मागच्या दाढांना वेळ लागला. काढल्यावर हाडाच्या टोकदार कडा घासून गुळगुळीत केल्या आणि टाके घातले, म्हणजे पुढे हिरडीतून काही टोचायला नको.

बाबांनी खुणेने दात मागितले. डॉक्टरांनी गॉजवर ठेवून दाखवले. डावीकडची दाढ, जिच्यावरून एवढं रामायण झालं, वरून पांढरीशुभ्र. मुळाच्या टोकाला मात्र वाटाण्याएवढी लालसर पिशवी लोंबत होती. डॉक्टरांनी चिमट्याने दाबली तर पिवळं आलं. बाबा बराच वेळ बघत राहिले. वही मागितली नाही.

तिसरी_दाढ | १० जून, रात्री ८:५५

उत्तम. दोन दिवस जोरात चूळ नको, थुंकाथुंकी नको. अँटिबायोटिक पूर्ण करा. मास्कच्या आधी एकदा टाक्यांची जागा दाखवून घ्या. कुठे हाड उघडं राहिलेलं दिसलं तर आत्ताच कळलेलं बरं.

लालबागची_लेक | १ जुलै, रात्री १०:०५

आज पहिलं सिटिंग झालं. परवा दातांच्या डॉक्टरांनी बघितलं, पाचही जागा बुजल्यात. रूट कॅनल झालं. मास्कच्या आत गुदमरल्यासारखं होतं म्हणाले, म्हणजे तोंडाने म्हणाले, आता थोडं थोडं कळतं.

कॅलेंडरवर काड्या लिहायला सुरुवात केलीय. आज १३.

घरी आल्यावर ट्रे स्वतःहून मागितला. बातम्यांसमोर बसून घातला आणि दर मिनिटाला घड्याळाकडे बोट दाखवून मला विचारत होते, झालं का, झालं का? दहा मिनिटं एवढी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं.

एक विचारायचं राहिलं. ट्रे धुवायला गरम पाणी चालतं का? आई उकळायला निघाली होती.

तिसरी_दाढ | १ जुलै, रात्री १०:१२

नाही नाही! वेडावाकडा होईल. नळाचं साधं पाणी, जुना मऊ ब्रश, आणि डबीत झाकून. आईंना गॅसपासून लांब ठेवा.

घाटकोपरची_वहिनी | १ जुलै, रात्री १०:२०

आमचा पहिला असाच गेला होता.